सदतीस अंशांवर

शुक्रवारी पहाटे मुहर्रकची वीज गेली, परत आली,
पण आमच्या लॅबचा एसी गेला तो गेलाच.
साडेसहाला पोचले तर इन्क्युबेटरवर लाल आकडा: सदतीस.
बाहेर ऑगस्ट. खिडकीची काच आतून नाही, बाहेरून घामेजलेली.

पंचविसावर मजेत वाढतं हे यीस्ट.
सदतीसाला अडतं. मुद्दाम तसंच बनवलंय,
पंधरा नंबरच्या प्रथिनात एक अक्षर चुकवून.
गारव्यात चूक खपून जाते.
उकाड्यात घडी विस्कटते,
अंगातला सदरा विस्कटावा तशी.

थेंबभर घेतलं काचेवर, डोळा लावला.
सगळ्या जोडीजोडीनं थांबलेल्या.
आई, आणि तिला चिकटलेली लेक,
जवळजवळ तिच्याच मापाची.
गुणसूत्रं मोजून वाटलेली, दोन्ही घरी केंद्रक पोचलेलं,
आता एकमेकींचं काहीही देणं लागत नाही.
फक्त मानेशी एक कडं.
ते सुटेना.

कारण सोडवणारा चौदा नंबर
केंद्रकातल्या एका कोपऱ्यात कोंडून ठेवलेला असतो,
आणि त्याला बाहेर काढणारा पंधरा नंबर तर असा वितळलेला.
चौदा नंबरचं काम तसं कारकुनाचं:
इतरांनी मारलेले शिक्के पुसत जायचं,
ज्यांची मुदत संपली त्यांना संपू द्यायचं.
तो कोंडलेला असला
की सगळं झालेलं असूनही काहीच होत नाही.

अब्बा इथल्याच बाजारात खुबूस भाजायचे, एकवीस वर्षं.
बाणकोटहून आले तेव्हा मिशीसुद्धा नव्हती.
प्रथिन हा शब्द त्यांना डाळीच्या संदर्भात ठाऊक.
पिठाच्या गोळ्यात बोट खुपसायचे, खळगा भरतो का पाहायचे,
आणि पोऱ्याला म्हणायचे,
"भट्टीला काय विचारतोस, पिठाला विचार."

मी पिठालाच विचारत आले.
पिठानं सांगितलेली एक गोष्ट त्यांना सांगायची राहिली:
पेशी पहिल्यांदा विभागायला निघते, तेव्हा
कुणी परवानगी देत नाही तिला.
आत एक अडवणारं प्रथिन असतं, ठरावीक मापाचं.
पेशी वाढत जाते, ते तेवढंच राहतं,
आणि एक दिवस नकारच पातळ होतो.
(असं काहीजण म्हणतात. काहीजण मानत नाहीत.
दरवर्षी यावर भांडणं होतात, मी चहा घेऊन ऐकते.)

बशारत एसीवाला म्हणाला, जुम्म्यानंतर येतो.
मग मासळीबाजार. बर्फाच्या तीन पिशव्या.
सुरमईचा वास असलेल्या थर्माकोलच्या खोक्यात
फ्लास्क उभे केले, थर्मामीटर सोडला,
पाणी ओतत, बर्फ काढत, घालत,
पंचवीसवर आणला काटा
आणि स्टुलावर बसले.

फोनवर सुमैया:
"अम्मी, बॅग चार किलो जास्त भरतेय.
कोकम काढू की स्वेटर?"
रात्रीचं विमान. लीड्सला म्हणे आत्ताच चौदा अंश.

आईच्या अंगावर दर लेकीमागे एक वण राहतो,
रंग घातला तर निळा चमकतो, मोजता येतो.
त्या जागेतून पुन्हा कळी फुटत नाही.
लेकीच्या अंगावर एकच, ती जिथून सुटली तिथला.
हे मी सात वर्षं विद्यार्थ्यांना शिकवते.
आज शिकवायला कुणी नव्हतं.

"स्वेटर राहू दे," लिहिलं. मग पुसलं.
"दोन्ही राहू दे. वरचे पैसे मी भरते."

आठ पन्नासला पुन्हा थेंब घेतला, काच हलकेच हलवली.
एक जोडी हलली, हलली, आणि
दोन वेगळ्या दिशांना वाहत गेल्या,
इतक्या सहज, की मी चौकट सरकवायचं विसरले.

वहीत लिहिलं:
ताप. २५. बर्फ: दीड दिनार.
शंभरात एकसष्ट सुटल्या.
उरलेल्या एकोणचाळीसांसमोर काही लिहायचं होतं.
रकाना रिकामा ठेवला
आणि हात धुतले. मासळीचा वास गेला नाही.